पुन्हा पुन्हा उघडलेले पुस्तक : वाचकांचे अनुभव

आवडत्या पुस्तकांच्या याद्या पुष्कळ होतात. पण त्या यादीतले कोणते पुस्तक आपण परत हातात घेतो, असे विचारले की उत्तरे निराळी येतात. म्हणून या धाग्यासाठी विनंती एवढीच आहे, की एकाहून अधिक वेळा वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल लिहावे. कथानक सांगण्यात जागा घालवू नये. पुढच्या वाचनात नवे काय हाती लागले, ते सांगावे.

०

माझे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. शाळेच्या वयात मी ते केवळ गमतीसाठी वाचले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे टोकाचे सोवळेओवळे आणि त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा लहरी स्वभाव यांची वर्णने आम्ही घरात मोठ्याने वाचून हसत असू. लग्नानंतर ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा मात्र १८९५ सालाशी येऊन मी थांबले. त्या वर्षी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई लहान मुलासह काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. एवढे मोठे दुःख सांगतानाही त्यांची वाक्ये लहान आणि घरगुती राहतात. स्वतःची कीव करण्याकडे त्या वळत नाहीत. रीतसर शिक्षण न झालेल्या बाईंना हे गद्य कसे साधले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, समोर कोणीतरी ऐकायला बसले आहे असे धरूनच त्या सांगत गेल्या. अजूनही मी ते पुस्तक मधूनच कुठेतरी उघडते आणि दोन-चार पाने मोठ्याने वाचते, कारण मनातल्या मनात वाचले तर त्यातली निम्मी गोडी जाते.

०

मी शिक्षक आहे, त्यामुळे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) माझ्या वाट्याला येणारच होती. पहिल्या वाचनात मेंढरे, माळ आणि धनगर दिसले. नोकरीत मुरल्यावर दिसला तो त्यातला तरुण मास्तर. शाळेत मुले नाहीत, वस्तीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या शब्दाशिवाय ती येणार नाहीत, आणि पुढे मात्र वस्तीतले मोठे लोकच आपापल्या अडचणी घेऊन त्याच्याकडे येऊ लागतात. शिकवण्याइतकाच ऐकून घेण्यातही दिवस जातो, हे कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. सगळी वस्ती मिळून तालीम बांधते, तो भाग मला फार आवडतो. पण पुढे दुष्काळ आहे आणि वस्ती उठणार आहे हे ठाऊक असल्यामुळे तो आता निर्धास्तपणे वाचता येत नाही. माडगूळकरांनी तो दुष्काळ फार थोड्या शब्दांत लिहिला आहे. माझ्या मते कादंबरीचे बळ त्या आवरतेपणात आहे.

०

वरचे दोन्ही अनुभव मनापासून पटले, तरी माझे उत्तर उलट आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही माझी सर्वांत आवडती कादंबरी, आणि ती मी दुसऱ्यांदा पूर्ण वाचू शकत नाही. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचे ज्यू निर्वासित, नायक चक्रधर आणि त्याला तेथे भेटलेली तरुणी. शेवट ठाऊक असल्यामुळे त्या दोघांच्या सुखाची पानेच सर्वांत जड जातात. मध्यापर्यंत येते आणि पुस्तक मिटते.

०

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ मी दोन पाठांत वाचला आहे, आणि इतरांनीही तसे करावे असे आग्रहाने सांगावेसे वाटते. चार पैसे दक्षिणा मिळवून घरची ओढगस्त दूर करावी, म्हणून हे भिक्षुक उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, पण मूळ मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरचा पाठ नंतर दत्तो वामन पोतदारांनी छापला. तो वाचताना गोडसे अधिक जवळचे वाटू लागतात. युद्ध येथे भुकेल्या, तहानलेल्या, लपून बसलेल्या माणसाच्या नजरेतून दिसते. असे चित्र सेनापतींच्या इतिहासात मिळत नाही. पहिल्या वाचनात मी झाशीची राणी शोधत होतो. आता मला सर्वांत हलवून जाते ती गंगेची कावड: लूटमार, उपासमार सोसूनही त्यांनी आईवडिलांसाठी ती खांद्यावरून घरापर्यंत आणली.

०

माझे प्रेम पुस्तकाच्या कागदावर आणि बांधणीवरही तितकेच आहे. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाच्या गोष्टींची घरातली जुनी प्रत इतक्या हातांतून गेली, की पाने सुटू लागली. पूर्वीच्या स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्यातले लिग्निन हे द्रव्य राहत असे. हवा आणि उजेड लागून तो पिवळा पडतो आणि त्यातल्या आम्लामुळे ठिसूळ होतो. अशा पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचा चिकट थर काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. मी गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ करते, फाटलेल्या कडेवर जपानी कागदाची अरुंद पट्टी बसवते आणि पान वजनाखाली वाळू देते. सुटलेला फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, शिवायला घेतला, की नजर ओळींवर जातेच आणि ती गोष्ट पुन्हा वाचून होते. शिवताना दोरा फार ओढत नाही. पुस्तक टेबलावर सपाट उघडले पाहिजे. घरातली मुले आता ते वाचू लागली आहेत.