मदत हवी आहे: फोटोतला रणगाडा टी-५४, टी-५५ की टाइप ५९?

मंडळी, कामठीला मामांच्या घरी १९७१ च्या लढाईच्या वेळचे काही कृष्णधवल फोटो सापडले. मामा आता नाहीत, त्यामुळे विचारायला कोणी नाही. घरच्यांसाठी सगळ्या गाड्या 'रणगाडाच', मग सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी असो की ट्रक!

एका फोटोतला रणगाडा ओळखता आला. होडीसारखा चपटा सांगाडा, सहा चाकं, तोफेची बारीक नळी, म्हणजे पाण्यात चालणारा पीटी-७६. अडलंय दुसऱ्यावर. एका बाजूला पाच मोठी चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात इतर चाकांपेक्षा जास्त फट, वरचा पट्टा थेट चाकांवर टेकलेला. नळीचा फुगवटा टोकाशी आहे. आपल्या विजयंत रणगाड्याचा नळीच्या मध्यावर असतो आणि चाकं सहा, म्हणून तो नाही.

पण टी-५४ आणि टी-५५ दोन्ही आपल्याकडे होते. शिवाय पाकिस्तानकडचा चिनी टाइप ५९ हा टी-५४ चीच नक्कल, त्यामुळे पकडलेला असण्याचीही शक्यता आहे. बुरुजाच्या छतावर हवा खेळती ठेवणारी छोटी घुमटी दिसली की टी-५४, नसली तर टी-५५, एवढं मला माहीत आहे. नेमकं छतावर जवान बसलेत!

फोटो मोठा करून स्कॅन केला, पण रंग किंवा क्रमांक दिसत नाही. मागे फक्त 'डिसेंबर ७१' लिहिलंय. फोटो इथे टाकणार नाही, त्यात इतरांचे चेहरे आहेत.

छत न दिसता, फक्त बाजूने पाहून हे तिघं वेगळे ओळखता येतात का? चाकांची घडण, दिवे, डिझेलच्या टाक्या, नेमकं काय बघू?