पांढऱ्या सुटातलं भूत: रँडल अँड हॉपकर्क (डिसीज्ड) आणि आपल्या भूतयुक्त्या

चकवाचांदणं
सकाळी रिक्षात कुणाच्या तरी फोनवर हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) वाजलं आणि थेट एडविन अ‍ॅस्टलीची शीर्षकधून आठवली. 1969-70 ची आयटीसी या ब्रिटिश टीव्ही कंपनीची मालिका, 26 भाग. दोन खाजगी गुप्तहेर: माइक प्रॅट जिवंत रँडल, केनेथ कोप मेलेला हॉपकर्क. पहिल्याच भागात हॉपकर्क गाडीखाली जातो, स्वतःच्याच खुनाचा छडा लावायला परत येतो, उजाडायच्या आत थडग्यात शिरत नाही आणि शंभर वर्षं इथेच अडकतो. दिसतो फक्त रँडलला, बायकोलाही नाही.
ज्यांनी असली भुतं उभी केली आहेत (एकांकिका, गॅदरिंग, मोबाईल), त्यांनी कृतीसकट लिहा. काय फसतं तेही.

तिवई
प्रकट होणं म्हणजे निव्वळ कॅमेरा थांबवणं. तिवई पक्की, रँडल पुतळा, भूत येऊन उभं, कॅमेरा पुन्हा चालू, मधला तुकडा कापायचा. मोबाईलवर तर थांबवूही नका, सलग घ्या आणि नंतर कापा. बटण दाबताना फोन हलतोच. फोकस आणि उजेड दोन्ही आधी लॉक करा (पडद्यावर बोट दाबून धरा), नाहीतर पांढरे कपडे चौकटीत आल्याबरोबर फोन उजेड कमी करतो आणि सगळी खोली अंधारते.
घात करतात त्या बारीक गोष्टी: पंख्याने हलणारा पडदा, भिंतीवरचं घड्याळ, सिगारेटचा धूर, खिडकीतलं ऊन. जुने भाग नीट बघा, भूत उगवताना रँडलचा खांदा टिचकीभर उडतो.

अर्धी पोळी
खांदा!! आता तेवढंच दिसणार मला 😄

विंगेतला
युक्तीपेक्षा नजर अवघड. भूत न दिसणाऱ्या नटाला 'बघू नकोस' सांगितलं की तो हमखास बघतो. त्याला भुताच्या पलीकडचा एक ठिपका द्या, दाराची कडी वगैरे. संवाद त्या कडीशी. आणि भुताने बोलताना मधे जागा सोडायची, कारण रँडलचं उत्तर तिसऱ्या माणसालाही लागू पडलं पाहिजे. विनोद तिथेच आहे. "गप्प बस जरा" भुताला, आणि तोंड पाडतो समोरचा इन्स्पेक्टर.

बाकरवडी07
2000 ची बीबीसीची आवृत्ती कुणी पाहिली का? व्हिक रीव्ज, बॉब मॉर्टिमर, भुतांचा गुरू टॉम बेकर. 13 भाग. संगणकी करामती भरपूर, पण मला जुनं साधं 'आहे-नाही'च बरं वाटतं.

विंगेतला
+1. टॉम बेकरसाठी मात्र बघावी.

काचकाम
रंगमंचावर कापाकापी नाही, तिथे पेपरचं भूत. 1862 साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपरने दाखवलेलं, मूळ कल्पना हेन्री डर्क्सची. गणपतीच्या देखाव्यात आजही चालतं.
प्रेक्षकांच्या नजरेला 45 अंशांत स्वच्छ काच. बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा कोनाड्यात भूत, मागे काळं मखमल. कोनाड्यातला दिवा हळूहळू वाढवा, भूत उगवतं. मंचावरचा उजेड बेताचाच हवा.
भूत काचेपुढे जितकं लांब, तितकंच काचेमागे दिसतं. म्हणजे 6 फुटांवर उभं केलंत तर खुर्चीही काचेमागे 6 फुटांवर. खुणा खडूने करा, नाहीतर भूत खुर्चीत न बसता खुर्चीच्या पोटात बसतं.
अ‍ॅक्रिलिक स्वस्त पण मोठा पत्रा वाकतो, चेहरा लोंबतो. जाड काचेत दोन प्रतिमा पडतात. टफन्ड (तापवून कडक केलेली काच) घेणार असाल तर माप आधी पक्कं करा, ती नंतर कापता येत नाही. बोटांचे ठसे तिरक्या उजेडात आधी दिसतात, भूत नंतर.

चकवाचांदणं
@काचकाम, प्रेक्षक कडेला बसले तर?

काचकाम
कोनाडाच दिसतो. मधल्या पट्ट्यातच खुर्च्या मांडा. लहान मुलं पुढे सरकतात, दोरी बांधा.

अर्धी पोळी
पांढऱ्या सुटावर हळद सांडली तर? विचारायचंच होतं, आमटीचा हात पुसला गेलाय 😬

नीळवाली
साबण लावला की लाल होईल, घाबरू नका. हळद क्षाराने लाल होते. भरपूर पाण्यात खळबळून ओलंच कडक उन्हात टाका, दोन-तीन दिवसांत उडतं. नीळ त्यानंतर. आधी निळीत घातलं की हिरवट छटा बसते.

तिवई
चित्रीकरणाला एकदम पांढरं घालूच नका, मळखाऊ पांढरं घ्या. घड्या दिसायला हव्यात, नाहीतर भूत म्हणजे सपाट कागद.
जाता जाता: शेवटच्या काही भागांत माइक प्रॅटचे दोन्ही पाय मोडलेले होते. मग रँडल बसलेला, आडवा, किंवा लांबून पाठमोरा. पाठमोरा दिसला की तो बहुधा बदली माणूस.

अर्धी पोळी
उन्हात टाकलाय. ढग आलेत.

नीळवाली
ओला ठेवा, वाळू देऊ नका तोवर.