विषय: रविवारचा हॉल आणि दोन चर्चना एकच पाळक

प्रेषक: मंडळाचे सचिव

नमस्कार मंडळी,
बफेलोत आपली मराठी शाळा ज्या एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन) चर्चच्या हॉलमध्ये भरते, तिथून निरोप आला आहे. पुढच्या महिन्यापासून त्यांना आणि शेजारच्या गावातल्या चर्चला मिळून एकच पाळक, म्हणजे धर्मगुरू, असतील. सकाळची उपासना साडेआठला होईल आणि दुपारी एकला स्वाहिलीतली नवी उपासना सुरू होईल. आपला वर्ग दोनचा. चर्च बंद पडणार असेल तर आत्ताच दुसरा हॉल बघावा का, असं काही पालक विचारताहेत. कुणाला माहिती असल्यास कृपया कळवा.

---

प्रेषक: नगरच्या काकू

सर्वांना सलाम.
मी याच चर्चची सभासद आहे. चर्च बंद पडत नाहीये, आधी ही काळजी सोडा.

दोन्ही चर्चच्या मंडळ्या लहान आहेत. पूर्णवेळ पाळकाचा पगार, आरोग्यविमा आणि पेन्शन एकीला झेपत नाही, म्हणून खर्च वाटून घेतला. व्हेस्ट्री, म्हणजे निवडून दिलेली कारभारी समिती, दोघींची वेगळीच राहील, हिशेबही वेगळे. वेळा बदलल्या त्या प्रभुभोजनामुळे, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीमुळे. ते दीक्षित पाळकांनीच चालवावं लागतं, आणि त्यांना सकाळी एका वेदीवरून दुसरीवर पोहोचायचं असतं. ते नसतील त्या दिवशी सकाळची प्रार्थना आम्ही सभासद चालवू शकतो. आमच्या नगर जिल्ह्यात एका पाळकसाहेबांकडे चार-पाच गावं असतात, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. इथल्या दोन धर्मप्रांतांनी (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपाच्या देखरेखीखालच्या चर्चांचा विभाग), बफेलोकडच्या आणि पेनसिल्व्हेनियातल्या ईरीकडच्या, 2018 मध्ये एकच बिशप ठेवायचं ठरवलं. ते बिशप शॉन रो 2024 मध्ये अख्ख्या एपिस्कोपल चर्चचे प्रमुख झाले. विस्कॉन्सिनचे तीन धर्मप्रांतही त्याच वर्षी पुन्हा एक झाले.

मला खरं बोलायचंय ते एकच्या उपासनेबद्दल. काँगोहून निर्वासित म्हणून आलेली ही कुटुंबं. मी आधी दुसऱ्या शहरात होते, तिथे परभाषिक मंडळीला तळघर दिलं होतं, भाडं घेऊन. वर्षानुवर्षं त्यांना कुणी वर बोलावलं नाही. इथे तसं नाही. त्यांच्यातले दोघं व्हेस्ट्रीवर निवडून आलेत, चर्चची किल्ली त्यांच्याकडे आहे, पत्रिका दोन्ही भाषांत छापली जाते. लोकांना समजत नाही अशा भाषेत जाहीर प्रार्थना करू नये, हे अँग्लिकन चर्चच्या 39 कलमांपैकी 24व्या कलमात 1571 पासून लिहिलेलं आहे. ते लिहिलं गेलं इंग्रजांना इंग्रजी मिळावी म्हणून. काँगोच्या आजीलाही ते तितकंच लागू आहे, असं मला मनापासून वाटतं. माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा शेवटपर्यंत इंग्रजी उपासनेत गप्प बसून राहायच्या.

आणि आपलाही यात धागा आहे. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात आपल्याकडचे अँग्लिकन सामील झाले. एपिस्कोपल चर्चशी त्याची पूर्ण सहभागिता आहे. म्हणजे पुण्या-नाशिकचे पाळक इथल्या बिशपांची परवानगी घेऊन याच वेदीवर प्रभुभोजन देऊ शकतात.

तेव्हा हॉल सोडू नका. वर्ग साडेतीनला न्या. एकच्या उपासनेनंतर त्यांचं जेवण त्याच हॉलमध्ये असतं, लहान मुलं असतात, त्यांना घाईने उठवायला नको.

---

प्रेषक: मंडळाचे सचिव

काकू, इतकं सविस्तर लिहिलंत, फार बरं झालं. कार्यकारिणीशी बोललो. वर्ग साडेतीन ते पाच. टेबलं-खुर्च्या त्यांनी आवरायच्या की आपण, हे त्यांच्या लोकांशी थेट बोलून ठरवावं म्हणतो. या रविवारी दोनच्या सुमारास तुम्ही माझी ओळख करून द्याल का?

---

प्रेषक: नगरच्या काकू

दोनला नको, एकलाच या. मागच्या बाकावर बसा, मग आपण सगळे बरोबरच जेवू. पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला, प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकाच वेळी म्हणायची असं ठरतंय. मराठीला सध्या मी एकटीच आहे. लिस्टवर आणखी ख्रिस्ती कुटुंबं असतील तर मला वेगळी मेल करा, मजकूर पाठवते.