अनुभव धागा: घरचे फोटो कुठे ठेवता?

दिवेलागण:
मे महिन्यात आईच्या कपाटातून सात अल्बम निघाले. काळी पानं, कोपऱ्यांत खोचलेले फोटो, मध्ये चुरगळलेला बटर पेपर. शिवाय भावाच्या लॅपटॉपमध्ये एकवीस हजार फोटो आणि माझ्या फोनात नऊ हजार. भाऊ नागपूरला, मी ठाण्यात, बहीण न्यू जर्सीत, आई साताऱ्याला. आईला टॅबवर सगळं बघायचंय, पण पासवर्ड मागितला की ती टॅब पालथा घालून ठेवते. पैसे द्यायची तयारी आहे, दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवायची नाही. तुम्ही काय वापरता, कुठे पस्तावलात, ते लिहा. पस्तावलेलं आधी.

कातळकडा:
२००८ पासून फ्लिकर, म्हणजे फोटो ठेवायची आणि दाखवायची वेबसाइट. गडकिल्ल्यांचे फोटो तिथेच. मूळ आकारात राहतात, लेन्स-शटरची माहिती दिसते, आणि कुणी कसा वापरायचा तो परवाना आपण ठरवतो. २०१३ साली तेव्हाच्या मालक कंपनीनं, याहूनं, फुकटात एक टेराबाइट (सुमारे हजार जीबी) दिलं तेव्हा झुंबड उडाली होती. २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीनं ते विकत घेतलं आणि फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा आली. मी वर्गणी भरतो, तक्रार नाही. पण बारशाचे फोटो तिथे नाही टाकत. ती ओसरी आहे, माजघर नव्हे.

पाचवा मजला:
आमच्याकडे गूगल फोटोज. २०१५ ला आलं तेव्हा किंचित दाबलेले फोटो कितीही ठेवा, फुकट होतं. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीत मोजायला लागले, आणि त्याच १५ जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही. कोटा भरला की मेल यायची थांबते, हे पुष्कळांना माहीत नसतं. मी १०० जीबी घेतलंय, महिना १३० रुपयांनी सुरू केलं होतं. शोध मात्र झकास: 'समुद्र' लिहिलं की हर्णैपासून वेळासपर्यंत सगळं समोर.
तुमच्या आईसाठी: तुम्ही शेअर केलेल्या अल्बममधले फोटो त्यांच्या कोट्यात धरत नाहीत, त्यांनी 'सेव्ह' केले तरच धरतात. याची दुसरी बाजूही बघा. तुम्ही उडवलेत तर, सेव्ह न केलेले त्यांच्याकडूनही गेले.

जर्सीतली जाई:
आमच्याकडे सगळ्यांचे आयफोन, सासरी सगळे अँड्रॉइडवाले. अॅपलच्या आयक्लाउडचा शेअर्ड अल्बम केला, त्याची लिंक ब्राउझरमध्ये कुणालाही उघडते. फक्त हे आधीच जाणून घ्या की त्यातला फोटो लांब बाजूला २०४८ पिक्सेलचा होतो. टॅबवर छान, भिंतीवर मोठी फ्रेम करायला नाही. फ्रेमसाठी मूळ फाइल वेगळी पाठवते.

खोडकर खोडरबर:
सिंक (फोन आणि ऑनलाइन खातं आपोआप सारखं ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य मी आमच्या फ्रिजवर चिकटवलंय. फोन भरला म्हणून बाबांनी गॅलरीतून चार वर्षं साफ केली. "ते वर आहेत ना ढगात?" ढगातूनही गेले, कारण दोन्हीकडे एकच आरसा होता. कचरापेटीत काही दिवस राहतात, पण आम्हाला आठवण आली दिवाळीत, फराळाचे जुने फोटो शोधताना. मुदत कधीच उलटून गेली होती.

माळ्यावरची ट्रंक:
मी घरचे साडेअकराशे जुने प्रिंट स्कॅन केलेत, म्हणून जरा सविस्तर.
फोनने फोटोचा फोटो काढू नका, चकाकी येते. साधा फ्लॅटबेड स्कॅनर (काचेवर फोटो पालथा ठेवायचा), ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, 'चि. बाळ, वय ८ महिने', कधी किराण्याचा हिशोब, सगळं तिथेच असतं.
खरी डोकेदुखी तारखेची. स्कॅन केलेली फाइल आजची तारीख घेऊन जन्माला येते. आमचे पणजोबा धोतर-पगडीत, आणि खाली लिहिलंय ऑगस्ट २०२२. एका मोठ्या सेवेत बसून मी महिनाभर तारखा दुरुस्त केल्या. पुढे तिथून सगळं उतरवून घेतलं तर फोटोंच्या आत स्कॅनचीच तारीख, आणि माझी दुरुस्ती प्रत्येक फोटोसोबत आलेल्या वेगळ्या मजकूर फाइलीत! साडेअकराशे चिठ्ठ्या. चूक माझीच: बाहेर पडायची वाट आत शिरताना बघायला हवी होती. आता तारीख आणि नावं अपलोडच्या आधी फाइलमध्येच लिहितो. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे, दिसायला रुक्ष, कामाला चोख.
कुठलीही सेवा घ्या, पहिल्याच आठवड्यात पन्नास फोटो टाकून परत उतरवून बघा.

बोरीबंदर:
+१. आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, तो जपायचा फोटो नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

निवडुंग:
सोसायटीच्या गणपतीचा अल्बम मी लिंकवर टाकला होता. १८० जणांचा ग्रुप. महिन्याभरानं एका पालकाचा फोन: आमच्या मुलीचा फोटो क्लासच्या जाहिरातीत कसा? लिंक ज्याच्या हाती त्याला दार उघडं, हे मी वाचलंच नव्हतं. आता मुलांच्या स्पर्धांचे फोटो वेगळे ठेवतो आणि इमेल पत्त्यांनीच शेअर करतो. मंडळाचे काका वैतागतात. वैतागू देत.

घरचा सर्व्हर:
जुन्या पीसीवर इमिच बसवलंय, गूगल फोटोजसारखंच पण आपल्याच मशीनवर चालणारं. मुक्त सॉफ्टवेअर, वर्गणी नाही, फोटो घरातच. दिमाखात सांगत होतो तेव्हा बायकोनं विचारलं, "तू दौऱ्यावर असताना बंद पडलं तर मी कुणाला फोन करू?" त्या दिवसापासून एक प्रत एंटे या ऑनलाइन फोटोसेवेवरही जाते, तिथे फोटो कुलूपबंद होऊनच चढतात. त्याची 'रिकव्हरी की' (पासवर्ड विसरला तर खातं उघडायची किल्ली) मात्र कागदावर लिहून तिजोरीत. पासवर्ड आणि ती, दोन्ही हरवलं की कंपनीही उघडून देऊ शकत नाही.

सांजवात:
लिहू की नको असं झालं होतं. दादा गेला तेव्हा त्याचा फोन बंद, ओटीपी त्याच्याच नंबरवर, आणि तिसऱ्या महिन्यात सिम बंद पडलं. भाचीच्या पहिल्या पाच वर्षांचे फोटो त्या खात्यात आहेत. अजून आहेत की नाही, कळायला मार्ग नाही. बँकेत नॉमिनी लावतो तसं इथेही लावता येतं: गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर', अॅपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट'. दहा मिनिटांचं काम. दिवेलागण, खातं कुणाच्याही नावावर काढा, हे त्याच दिवशी करा.

दिवेलागण:
सांजवात, काल रात्रीच केलं. माझ्या खात्यावर बहिणीचं नाव, तिच्यावर माझं.
सेवा गूगल फोटोजचीच घेतेय, आईच्या टॅबवर आधीपासून आहे म्हणून. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर, एक नागपूरला, एक साताऱ्याला धान्याच्या कोठीशेजारी. पन्नास फोटो टाकून उतरवले. तारखा घसरल्याच! ट्रंक, तुमच्या त्या महिन्याची गोष्ट वाचली नसती तर माझाही महिना गेला असता. सात अल्बमांना किती वेळ धरू?

माळ्यावरची ट्रंक:
रविवारी दोन अल्बम. भाचरं मदतीला घेतलीत तर तीन, पण मग काचेवरचे चिवड्याचे ठसे पुसायला सोमवार.