वास्तुचित्रातले झाड: हुबेहूब, छायारूप की लावणीच्या वयाचे?

पर्णरेखा (धाग्याची सुरुवात)

इमारतीचे संगणकीय चित्र तयार होताना झाडांचा विचार सगळ्यांत शेवटी, मुदत संपत आलेली असताना केला जातो. पाहणाऱ्याच्या मनावर मात्र सर्वांत आधी परिणाम होतो तो झाडांचाच. माझे मत स्पष्टच मांडते. ज्या चित्रावर विसंबून ग्राहक पैसे देणार आहे किंवा परवानगी देणारी यंत्रणा निर्णय घेणार आहे, त्या चित्रातले झाड प्रत्यक्षात लावल्या जाणाऱ्या जातीचेच असावे, आणि ते किती वर्षांचे दाखवले आहे हे चित्राखाली लिहिलेले असावे. लावणीच्या वेळी चार-पाच मीटर उंच असणारे झाड चित्रात चौथ्या मजल्याला टेकलेले दिसते आणि त्याच्या पर्णसंभारामागे इमारतीची सर्वांत कंटाळवाणी भिंत नेमकी झाकली जाते, हे मी अनेक सादरीकरणांत पाहिले आहे.

गच्चीवरच्या झाडांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. पाण्याने पूर्ण भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे मीटरभर खोल मातीचा थर दर चौरस मीटरवर तेवढाच भार टाकतो, आणि घराच्या साध्या मजल्यासाठी माणसे व सामानसुमान यांचा म्हणून जो भार गृहीत धरतात तो चौरस मीटरला सुमारे 200 किलो असतो. चित्रात झाड ठेवायला एक क्लिक पुरते. त्याखालचा स्लॅब, मातीची खोली आणि निचरा यांचा आराखड्यात पत्ताच नसेल तर ते झाड दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आकृतिबंध

आपली तळमळ समजते, पण उपाय पटत नाही. झाड जितके हुबेहूब, तितके ते वचनासारखे वाचले जाते. म्हणून ते अधिक अचूक करण्याऐवजी अधिक सांकेतिक करावे, असे माझे मत आहे. हाताने आराखडे काढले जात तेव्हा नकाशात झाड म्हणजे एक वर्तुळ असे, आणि दर्शनी चित्रात बहुधा निष्पर्ण फांद्यांची रेखाकृती, जिच्यातून मागची इमारत दिसत राही. अगदी तसेच झाड इमारतीसमोर उभे राहील, असा गैरसमज त्या रेखाकृतीमुळे कोणाचाही होत नसे. आजही पांढऱ्या मॉडेलमधली पांढरी झाडे किंवा अर्धपारदर्शक छायाकृती हेच काम करतात: झाड कुठे आहे आणि अंदाजे केवढे आहे एवढेच त्या सांगतात, आणि नजर इमारतीवर ठेवतात. शिवाय संकल्पनेच्या टप्प्यावर झाडाची जात ठरलेलीच नसते. जे ठरलेले नाही ते पानापानानिशी रंगवणे हीच माझ्या दृष्टीने मोठी दिशाभूल आहे.

पर्णरेखा

संकल्पनेच्या टप्प्यापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. पण छायारूप झाड सावली कुठे दाखवते? पश्चिमेकडच्या काचेसमोरचे झाड ही शोभा नसून उन्हाविरुद्धची योजना असते. ते अर्धपारदर्शक केले की त्या खोलीतल्या दुपारच्या उजेडाबद्दल चित्र काहीच सांगत नाही. मिलानमधील बोस्को व्हर्तिकाले या 2014 साली पूर्ण झालेल्या जोड-मनोऱ्यांवर सुमारे 800 झाडे आहेत. ती वाऱ्यात कशी टिकतील याच्या चाचण्या घेतल्या गेल्या आणि ती बांधून ठेवण्याची व्यवस्था केली गेली. अशा इमारतीचे चित्र पांढऱ्या गोळ्यांनी काढले तर मूळ रचनाच वगळल्यासारखे होईल.

किरणरेषा

मी रोज हेच काम करतो, म्हणून वादातली एक सुटलेली बाजू मांडतो. निवड करताना तंत्राच्या मर्यादा आधी पाहाव्या लागतात. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा झाडाचा फोटो सपाट पाटीवर चिकटवून ती कॅमेऱ्याकडे वळवणे ही सर्वांत स्वस्त पद्धत. समोरून ती उत्तम दिसते. पण ऊन बाजूने आले की त्या पाटीची सावली काठीसारखी बारीक पडते, वरून पाहिले तर झाड एका रेषेत नाहीसे होते, आणि फोटोतला उजेड एका दिशेने तर दृश्यातला दुसऱ्याच दिशेने येतो. त्रिमितीय झाडात लाखो पॉलिगॉन, म्हणजे पृष्ठभाग घडवणारे छोटे सपाट तुकडे, असतात, परंतु एकाच झाडाच्या अनेक प्रती काढल्या तर त्याची भूमिती स्मृतीत एकदाच साठवली जाते, त्यामुळे संपूर्ण उपवनही आता अवघड राहिलेले नाही. पानाला मात्र प्रकाश आरपार जाऊ देणारे मटेरियल, म्हणजे पृष्ठभाग प्रकाशात कसा दिसेल हे ठरवणारी संगणकातली मांडणी, हवे. उन्हाकडे पाठ असलेले पान पिवळसर हिरवे उजळते. ते मटेरियल नसेल तर झाड काळवंडलेल्या प्लॅस्टिकचे वाटते.

पर्णरेखा यांच्या मुद्द्याला जोडून आणखी एक सांगतो, कारण ही चूक फार सर्रास होते. कोवळे झाड दाखवायचे म्हणून 15 मीटरचे प्रौढ झाड 5 मीटरपर्यंत आक्रसले जाते. त्याबरोबर पानेही एक तृतीयांश होतात, पण खऱ्या कोवळ्या झाडाची पाने अशी लहान नसतात. पाहणाऱ्याला कारण उमगत नाही, तरी त्याची नजर पानांवरून माप घेते आणि मागची इमारत आहे त्यापेक्षा मोठी भासते. वाढीचे नियम देऊन झाड घडवण्याची पद्धत अरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने 1968 साली मांडलेल्या प्रणालीतून विकसित झाली आहे. अशा साधनांनी एकाच जातीचे वेगवेगळ्या वयांचे झाड योग्य प्रमाणात मिळते. तेव्हा वय दाखवणे अशक्य आहे, ही सबब आता चालणार नाही.

पायाभरणी

विकसकाची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. इमारत 50 वर्षे आणि त्याहूनही अधिक उभी राहते. त्यांपैकी पहिली 10 वर्षे झाड लहान असेल, पुढची सगळी वर्षे ते मोठेच असेल. मग प्रौढ झाड दाखवणे हे इमारतीच्या आयुष्यातल्या दीर्घकाळाचे खरे चित्र का मानू नये?

आळेमाती

मानावे, पण ते झाड प्रौढ होईल याची तरतूद आराखड्यात असेल तरच. मी उद्यानरचना करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या कित्येक आराखड्यांत मोठ्या विस्ताराच्या झाडासाठी एखाद्या हौदाएवढीच माती ठेवलेली असते. त्यात झाड 15 वर्षांनीही खुरटेच राहील. ब्रिटनमध्ये मोठ्या प्रकल्पांचा दृश्यपरिणाम तपासताना लावणीनंतरचे पहिले वर्ष आणि पंधरावे वर्ष अशी दोन चित्रे देण्याची रीत रुळलेली आहे, आणि मला तीच सर्वांत न्याय्य वाटते. त्यात पानझडी झाडांचे निष्पर्ण रूपही दाखवावे, कारण जे झाड शेजाऱ्याच्या खिडकीपासून इमारत झाकेल असे आपण सांगतो, ते वर्षातले काही महिने काहीच झाकत नाही.

आकृतिबंध

दोन काळांची चित्रे मला मान्य आहेत, कारण त्यांत अनिश्चितता उघडपणे मांडली जाते. माझा आक्षेप एकट्या, चकचकीत, वयाचा उल्लेख नसलेल्या चित्रापुरता राहतो. एक अट मात्र घालावी: दोन्ही चित्रांत कॅमेरा, उन्हाची वेळ आणि आकाश तेच असावे, बदलावीत ती फक्त झाडे. नाहीतर पहिल्या वर्षाचे चित्र ढगाळ आणि पंधराव्याचे सोनेरी संध्याकाळचे, असे होईल. संकल्पनेच्या टप्प्यावर मात्र मी पांढरीच झाडे वापरत राहीन.

पर्णरेखा

ही अट मी माझ्या मूळ मांडणीत जोडून घेते. त्या पांढऱ्या झाडांनाही सावली द्यावी, एवढा माझा आग्रह कायम आहे. पश्चिमेच्या काचेमागे कोण बसणार आहे, हे त्या टप्प्यावरही ठाऊक असते.