घडी न मोडलेला कॅमेरा

लग्नवाला_कोथरूड
मंडळी, एक शंका आहे. गेल्या आठवड्यात कोरेगाव पार्कात एका साहेबांकडे गेलो होतो. विम्याच्या यादीसाठी त्यांच्या वस्तूंचे फोटो काढायचे होते. घड्याळं झाली, पेनं झाली, मग कपाटातून एक लायका, म्हणजे जर्मन कंपनीचा नावाजलेला कॅमेरा, निघाला. एम एडिशन ६०, स्टेनलेस स्टीलचा, २०१४ साली जगात फक्त ६०० काढले होते. हात लावण्याआधी मला पांढरे हातमोजे दिले. उलटा करून बघतो तर मागे स्क्रीनच नाही! डिजिटल कॅमेरा, पण फोटो बघायचा तर कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा. मी सहज विचारलं, फोटो कसे येतात? म्हणाले, "अजून शटर दाबलंच नाही."

माझ्या दोन कॅमेरा-बॉडींवर मिळून पाच लाखांवर क्लिक झालेत, एकीचं रबर फेविक्विकने चिकटवलंय. जळलो नाही असं म्हणणार नाही. पण खरंच कळलं नाही. वापरायचा नाही तर घेतात कशाला?

मिसळ_शनिवार
माज. धागा बंद करा.

पेचकस_सदाशिव
एकतीस वर्षं कॅमेरे उघडतोय, म्हणून जरा लांबण लागेल.

माज असतोच. पण नुसत्या माजाला मोठी गाडी पुरते, ती निदान सिग्नलला दिसते तरी. हा कॅमेरा कपाटात असतो, आणि तो ओळखणारे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही मंडळी एकमेकांसाठी घेतात.

मागे एकांचा लायका एम ३ आला होता. फिल्मवाला, पन्नासच्या दशकातला. एक सेकंदाचं शटर मध्येच अडकायचं. न वापरल्यामुळे आतलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं. साफ केलं, तेल दिलं, परत केला. गृहस्थांनी शटर दाबूनही बघितलं नाही. खिशातून सोनाराचं भिंग काढलं आणि लेन्स बसते त्या माउंटभोवतीच्या स्क्रूंच्या खाचा एकेक करून तपासल्या. पेचकस घसरल्याची रेघ आहे का! नव्हती. मी पात्याची धार खाचेच्या मापाला घासून घेतो. पैसे दिले, वर दोनशे जास्त.

आपल्याकडे याला शब्दच आहे : घडी मोडणं. आमच्या आजीच्या ट्रंकेत एक पैठणी होती, ती कधी नेसलीच नाही, पण दिवाळीत बाहेर काढून उलटी घडी घालायची, नाहीतर घडीवर जर चिरते. तुमच्या साहेबांना सांगा, कॅमेऱ्याचंही तेच. चामड्याच्या केसमध्ये घालून पावसाळाभर ठेवला, की लेन्सला बुरशी आलीच म्हणून समजा.

आता गंमत बघा. आजवरचा सगळ्यात महाग कॅमेरा घडी मोडलेलाच आहे. लायकाच्या ०-सिरीजमधला, म्हणजे बाजारात येण्याआधीच्या चाचणीच्या कॅमेऱ्यांतला, १०५ नंबरचा, खुद्द ऑस्कर बार्नाक, म्हणजे ज्याने लायका घडवला, त्याच्या वापरातला. जून २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. म्हणजे कोरा तरी हवा, नाहीतर कुणाच्या तरी हातातला. तुझ्यामाझ्या हातातला नको. २०१५ साली लायकाने अमेरिकन गायक लेनी क्रॅविट्झच्या नावाने १२५ सेट काढले, ते तर कारखान्यातच घासून, काळा रंग उडवून, खालचं पितळ दाखवून विकले! माझ्याकडे लोक तेच रंग उडालेले कॅमेरे रंगवायला आणतात.

सीए_सहकारनगर
पेचकसकाका, सुंदर. पण हिशेबाचं बोलू. माझे दोन-तीन क्लायंट हे "गुंतवणूक" म्हणून घेतात. फिल्मच्या जुन्या लायकाबद्दल एक वेळ मान्य, पण डिजिटलचं काय? लायकाच्या डिजिटल एम ९ चा टायटॅनियम अवतार २०१० मध्ये ५०० निघाला. त्या एम ९ घराण्याच्या सेन्सरवरच्या काचेला कालांतराने गंज चढतो, डबा उघडा नाहीतर मिटून ठेवा. आणि हॅसलब्लाड या स्वीडिश कंपनीचा ल्यूनार कॅमेरा आठवतोय? २०१२ साली जाहीर झाला, पोटात सोनीचा नेक्स-७ कॅमेरा आणि बाहेर लाकडी मूठ. किंमत भरमसाट, पण संग्राहकांनी त्याला दारात उभं केलं नाही. नुसता महाग असून भागत नाही, मागे गोष्ट लागते.

लग्नवाला_कोथरूड
घडी मोडणं! बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग माझ्या त्या दोन साड्यांबद्दल यापुढे बोलायचं नाही."

मिसळ_शनिवार
धागा बंद नका करू. परवा जुन्या बाजारात एकाकडे सोनेरी लायका बघितला, सरड्याचं कातडं वगैरे. सहा हजार सांगतोय. घेऊन ठेवू का?

पेचकस_सदाशिव
सोन्याचा मुलामा दिलेले अस्सल लायका लक्सस शंभराच्या आतच बनले होते, १९३० च्या आसपास. मंगळवार पेठेत गोणपाटावर सापडायची शक्यता तूच ठरव. बहुतेक फेड किंवा झोर्की, म्हणजे लायकाची सोव्हिएत नक्कल असेल, वरून नक्षी कोरलेला. लेन्स फिरवून काढ आणि आत वरच्या बाजूला बघ. रेंजफाइंडरचा, म्हणजे फोकस जुळवायच्या यंत्रणेचा, एक दांडा पुढे आलेला दिसेल. टोकाला गोल, फिरणारं चाक असेल तर मला फोन कर. पाचरीसारखं चपटं टोक असेल तर सोव्हिएतच.

मिसळ_शनिवार
पाचर. तरी घेतला, साडेतीन हजारांत. शटर चालतंय, उद्या रोल घालतो.