प्रतिसाद: हार्ड टेन्शन तारांनी बेस वाढेल?

नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारसाठी वर कुणीतरी दिलेला ‘बेस कमी येतोय तर हार्ड टेन्शनचा (जास्त ताणाच्या तारांचा) सेट लावा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. ६५० मिमी स्केलवर (तारेच्या मोकळ्या लांबीवर) नॉर्मल सेटचा एकूण ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो, हार्डचा जेमतेम एक-दोन किलो जास्त. पैसे घालवण्याआधी फुकटची चाचणी करा: सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पहिल्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. सूर तोच, ताण मात्र सुमारे ११ टक्के कमी. एवढ्यानेही आवाजात फारसा फरक पडला नाही, तर दोष तारांचा नाही.

मग बॉडी बघा. थिन बॉडी असेल तर आतली हवा कमी, तिचा अनुनाद वर सरकतो आणि खालचे सूर पोकळ वाटतात. त्यावर तारांचा इलाज नाही. वरची फळी प्लायची असेल तरी तेच. सॉलिड टॉप (अखंड लाकडाची वरची फळी) असेल तर आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात ती दमट हवेने फुगते, ब्रिज (फळीवर तारा जिथे बांधतात तो तुकडा) उचलला जातो, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढते आणि आवाज बसका होतो. बाराव्या फ्रेटवर सहावी तार ४ मिमीच्या बरीच वर गेली असेल, तर त्यात हार्ड सेट म्हणजे फुगलेल्या फळीला आणखी ओढणं. आधी केसमध्ये सिलिका जेल टाका, आठवड्याने पुन्हा मोजा.